कॅब उसनी घेण्याआधी

संगणकावरच्या रेल्वे-खेळासाठी डब्ल्यूडीएम-३ए हे एकच डिझेल इंजिन पुण्याच्या रंगात, कल्याणच्या रंगात आणि काझीपेटच्या रंगात उतरवून घेतलं, की हार्ड डिस्कवर त्याच कॅबची, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीची, तीच चित्रं तीनदा येऊन बसतात. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर हा खेळ आला २००१ साली, तेव्हा डिस्कवरच्या जागेचा हिशेब ठेवावा लागायचा. आज त्याच खेळाच्या फाईली चालवणाऱ्या ओपन रेल्सवर खेळताना जागेची तेवढी चिंता नाही, पण एक कॅब सुधारली की तिन्ही इंजिनांत ती सुधारावी, हा फायदा आजही तेवढाच. म्हणून एका इंजिनाची कॅब बाकीच्यांना उसनी द्यायची. काम दहा मिनिटांचं आहे, तयारी मात्र तासाभराची.

सगळ्यात आधी सोयरीक बघा. कॅब दिसायला कशी आहे यापेक्षा इंजिन कुठल्या घराण्यातलं आहे हे महत्त्वाचं. डब्ल्यूडीएम-३ए आणि डब्ल्यूडीजी-३ए दोन्ही सोळा सिलिंडरची, अल्को घराण्यातली, दोन्ही ३१०० अश्वशक्तीची, दोघांचे नॉच, म्हणजे थ्रॉटलच्या दांड्याच्या पायऱ्या, आठ, त्यांचं जमतं. डब्ल्यूएपी-७ हे मुळात मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ च, गिअरचं प्रमाण बदलून प्रवासी गाड्यांसाठी केलेलं, तेही जमतं. पण डब्ल्यूएपी-४ ला डब्ल्यूएपी-७ ची कॅब देऊ नका. पहिलं टॅप चेंजरचं इंजिन, त्याला बत्तीस नॉच. दुसरं थ्री-फेज, त्याचा दांडा पायऱ्यांशिवाय सरकतो. दोन्ही विजेवर चालतात एवढ्यावर लग्न लावलं तर घाटात भांडण ठरलेलं.

मग दाता कोण, म्हणजे कॅब कोणत्या इंजिनाची घ्यायची, ते ठरवा आणि त्याला सुरक्षित जागी ठेवा. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. एकदा साफसफाईच्या नादात ‘हे इंजिन आपण चालवतच नाही’ म्हणून एक फोल्डर उडवला, आणि दुसऱ्या दिवशी तीन चांगली इंजिनं आंधळी झाली. तेव्हापासून वाटून घ्यायच्या कॅबसाठी ट्रेनसेटमध्येच, म्हणजे सगळी इंजिनं-डबे असतात त्या फोल्डरात, एक वेगळा फोल्डर केलाय, ज्यात इंजिन नाही, फक्त कॅबी. त्यात एक साधी मजकूर-फाईलही ठेवतो: कोणती कॅब कोण कोण वापरतं. कंटाळवाणं आहे, पण वर्षभरानं तीच कामाला येते. आणि हात लावण्याआधी ईएनजी फाईलची, म्हणजे इंजिनाचं वर्णन असलेल्या फाईलची, प्रत बाजूला काढायची, हे सांगायला नकोच.

आता ती ओळ. ईएनजी फाईलच्या इंजिन विभागात ‘कॅबव्ह्यू’ नावाची ओळ असते, तिच्या कंसात सीव्हीएफ, म्हणजे कॅबची मांडणी सांगणाऱ्या फाईलचं नाव. त्या फाईलची वाट (पाथ) मोजायची ती इंजिनाच्या स्वतःच्या कॅबव्ह्यू फोल्डरपासून. दोन टिंबं एकदा दिली की इंजिनाच्या फोल्डरात येता, दुसऱ्यांदा दिली की ट्रेनसेटमध्ये, तिथून दात्याच्या फोल्डरात उतरायचं. बहुतेकांची चूक इथेच, एक पायरी कमी मोजतात. उलटी तिरकी रेघ प्रत्येक ठिकाणी दोनदा, आणि सगळी वाट अवतरण चिन्हांत. फाईल नोटपॅडमध्ये जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-१६ एलई आहे ना ते पाहा. ओपन रेल्स इतर प्रकारही वाचतो, जुना मायक्रोसॉफ्टवाला हटून बसतो. फक्त ओपन रेल्स वापरत असाल तर मूळ फाईलला धक्काच लावू नका. इंजिनाच्या फोल्डरात ‘ओपनरेल्स’ नावाचा पोटफोल्डर करा, त्यात त्याच नावाची ईएनजी, पहिली ओळ कोरी, मग मूळ फाईल आत ओढणारी ‘इन्क्लूड’ची ओळ आणि खाली फक्त बदललेला भाग.

इथवर आलं की बरेच जण ‘झालं’ म्हणतात. पण सीव्हीएफ फाईल म्हणजे नुसती चित्रांची यादी नव्हे. तिच्यात ‘पोझिशन’ नावाची ओळ आहे, तीन आकड्यांची: डावं-उजवं, उंची, पुढं-मागं, मीटरमध्ये. ड्रायव्हरचा डोळा कुठे आहे हे ती सांगते, आणि तो डोळा दात्याच्या देहात मोजलेला असतो. खेळाबरोबर आलेलं अमेरिकेतलं डॅश-९ इंजिन घ्या. तिथला ड्रायव्हर उजवीकडे बसतो. आपले सिग्नल सहसा डावीकडे. ती कॅब डब्ल्यूडीजी-४ ला लावली की सिग्नल खिडकीच्या खांबाआड जायला लागतात, आणि आपण उगाच सिग्नल बसवणाऱ्याला शिव्या घालतो. उंची कमी पडली तर ट्रॉलीवर बसून चाललोय असं वाटतं. पुढचा आकडा इंजिनाच्या लांबीबाहेर गेला तर डबा जोडताना नजर सरळ समोरच्या डब्यात घुसते.

म्हणून लांबी-रुंदी जुळत नसेल तेव्हा पूर्ण उसनवारी सोडून अर्धी करा. सीव्हीएफची प्रत आपल्या इंजिनाच्या कॅबव्ह्यूमध्ये घ्या, काही किलोबाइटचीच ती, आणि तिच्या आतल्या एसीई चित्रांची नावं दात्याकडे वळवा. जड माल त्याच्याकडे, मोजमापं आपल्याकडे. मला विचाराल तर नेहमीच असं करावं.

प्रत हाती आलीच आहे तर काटे आणि दांडे तपासा. वेगाच्या तबकडीचं एकक मैल आहे की किलोमीटर? मैलांचा काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ९७ किलोमीटरने पळत असते, आणि ७५ च्या वेगमर्यादेत तुम्ही स्वतःवर खूश असता. तबकडी कितीपर्यंत मोजते तेही बघा. मालगाडीच्या इंजिनाची तबकडी डब्ल्यूएपी-७ च्या १४० ला पुरणार नाही, काटा टोकाला टेकून राहील. थ्रॉटलच्या चित्रात अल्कोसाठी नऊ चौकटी हव्यात, आयडल धरून, आणि ईएनजीतले नॉचही तेवढेच. ए-९ (सगळ्या गाडीचा ब्रेक) आणि एसए-९ (फक्त इंजिनाचा) कोणत्या दांड्यावर बसवलेत तेही पाहून ठेवा, नाहीतर सगळी गाडी थांबवायला जाल आणि फक्त इंजिन ओढून धराल.

सगळ्यात फसवा तो डायनॅमिक ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या मोटरींनीच गाडी रोखणारा. कॅबमध्ये दांडा दिसतो, पण आपल्या ईएनजीत तो विभागच नसेल तर दांडा हलत नाही. हे सपाटीवर कळत नाही. खंडाळ्याहून कर्जतकडे १ ला ३७ च्या उतारावर गाडी घातली की कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. उलटंही होतं: ब्रेक आहे, कॅबमध्ये त्याचा दांडाच नाही. कळफलकावरून तो लागतो, पण किती लागला ते दिसत नाही. दोन्हींत पहिलं वाईट.

आवाजाचं लक्षात ठेवा, तो कॅबबरोबर येत नाही. ईएनजीत त्याची वेगळी एसएमएस फाईल असते, तिची वाट वेगळी. रात्रीची चित्रं दात्याच्या कॅबव्ह्यूतल्या ‘नाइट’ पोटफोल्डरात आहेत का एवढं पाहा. त्रिमितीय कॅबचा संसार वेगळ्या फोल्डरात असतो, तो या यादीत धरलेला नाही. आणि तयार केलेलं इंजिन दुसऱ्याला द्यायचं असेल तर दात्याची रीडमी वाचा. कॅब बनवणाऱ्यानं महिनोन् महिने बसून काट्यांची चित्रं काढलेली असतात. तुम्ही नुसती वाट दाखवून ‘मूळ कॅब अमुक ठिकाणाहून घ्या’ म्हणालात तर सहसा कुणाची तक्रार नसते. चित्रंच गठ्ठ्यात बांधून दिलीत तर ती उसनवारी राहत नाही.

शेवटी चाचणी. एकट्या इंजिनाची गाडी बनवा, मार्गावर मोकळं फिरायचा (‘एक्सप्लोअर’) पर्याय घ्या, आणि १ दाबून कॅबमध्ये जा. डावीकडे-उजवीकडे बघा, हेडलाइट लावा, प्रत्येक दांडा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, मग रात्रीची वेळ लावून तेच पुन्हा. कॅब काळी दिसली तर डोकं धरून बसण्याआधी डेस्कटॉपवरची ओपन रेल्सची लॉग फाईल उघडा. न सापडलेल्या चित्राचं नाव त्यात पूर्ण वाटेसकट असतं, आणि टिंबांची मोजणी कुठे चुकली ते तिथेच दिसतं. मग डबे जोडा.