कतानाची मूठ गुंडाळताना कागद विसरू नका

जपानी तलवारीच्या मुठीवरचे शंकरपाळे नुसत्या दोरीने उठून दिसत नाहीत. दोरीच्या पिळाखाली कागदाची छोटी त्रिकोणी घडी दडवलेली असते, तिला हिशिगामी म्हणतात. ती नसली की कडेची दोरी दबते आणि शंकरपाळे वाकडेतिकडे होतात. घरी चाकूच्या मुठीवर हात बसवायचा असेल तर ८ ते १० मिलिमीटर रुंदीची चपटी सुती दोरी घ्या. गोल दोरीला नीट घडी पडत नाही. माझा एक अख्खा रविवार तिच्यात गेलाय. दोरी मधोमध धरून पात्याकडून सुरुवात करा. एका फुलीत डावा पदर वर आला, तर पुढच्या फुलीत उजवा. इथे चुकलात तर मूठ हळूहळू सैल पडते. ताण मात्र सोडायचा नाही. हात भरून आले तर दोरीला चिमटा लावा, मग चहा घ्या.