जिताड्याच्या पिल्लांची आपापसातली खाखा थांबवायला टाकीचा उजेड कसा ठेवावा

मुंबईकर जिताडा आवडीनं खातो. पण टाकीत वाढवायला घेतला, की पहिले काही आठवडे पिल्लंच पिल्लांना खातात. जरा थोराड झालेलं पिल्लू स्वतःच्या जवळजवळ दोन-तृतीयांश लांबीच्या भावंडालाही गिळतं. हा मासा डोळ्यांनी शिकार हेरतो, म्हणून उजेडाकडे लक्ष द्यायलाच हवं.

सुरुवात बीज, म्हणजे विकत घेतलेली पिल्लं, येतं तेव्हापासून करा. ऑक्सिजनच्या पिशव्या बंद खोक्यातून, अंधारातून आलेल्या असतात. ट्यूबलाइटखाली झाकण उघडलंत तर पिल्लं बिथरतात. मंद उजेडात उघडा, पिशव्या टाकीत तरंगू द्या, मग हळूहळू सोडा.

आता टाकीत नीट पाहा. कुरतडलेल्या शेपट्या, टम्म फुगलेलं एखादं पोट, कधी तोंडाबाहेर लोंबणारी दुसऱ्याची शेपटी. अशी पिल्लं कुठे जास्त दिसतात? बहुतेकदा दिव्याखाली. एकाच कोपऱ्यात प्रखर बल्ब असेल, तर सगळी तिथे गोळा होतात आणि गर्दीत चावे सुरू होतात. बल्ब उंच टांगा, त्याला दुधी आवरण लावा, उजेड टाकीभर सारखा पडू द्या. गच्चीवर टाकी असेल तर हिरवी शेडनेट बांधा. जुलैच्या अंधारलेल्या दुपारी ती गुंडाळून ठेवा.

खाद्य टाकताना मात्र उजेड पुरेसा हवा. पिल्लाला दाणा दिसला नाही, तर ते उपाशी राहतं आणि उपाशी पिल्लू शेजाऱ्यावर तुटून पडतं. पोटं भरली की उजेड डिमरनं सावकाश कमी करा. बटण खटकन दाबू नका. पिल्लं सैरावैरा पळून भिंतीवर आपटतात.

मागूर पाळत असाल तर हे वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. तो रात्रीचा मासा. त्याला अंधार आणि लपायला पाइपचे तुकडे द्या, खाद्यही संध्याकाळनंतर टाका.

पण एक गोष्ट मी ठासून सांगेन: निव्वळ दिवा बदलून ही खाखा थांबत नाही. मूळ कारण लहान-मोठ्या पिल्लांची सरमिसळ. दर चार-पाच दिवसांनी प्रतवारी करा, थोराड पिल्लं वेगळ्या टाकीत टाका. हात ओले ठेवा, जाळी मऊ घ्या आणि हे काम सकाळच्या गारव्यात उरका.