'गेट' वापरताना फ्रेंच भाषकांनी या चुका टाळाव्यात

इंग्रजी शिकणारा फ्रेंच भाषक 'गेट' हे क्रियापद शक्यतो टाळतो आणि त्याऐवजी आपल्या भाषेशी नाते सांगणारी 'ऑब्टेन', 'रिसीव्ह', 'अराइव्ह' ही क्रियापदे वापरतो. त्याने वाक्य सहसा चुकत नाही. मात्र समोरचा माणूस बोलण्यात सतत 'गेट' वापरतो, तेव्हा ऐकणाऱ्याची तारांबळ उडते. त्यामुळे टाळाटाळ हीच मी पहिली चूक मानतो.

दुसरी चूक म्हणजे या शब्दाला एकच फ्रेंच प्रतिशब्द शोधणे. अर्थ ठरतो तो पुढे काय येते यावरून. पुढे नाम असेल तर बहुधा मिळणे किंवा आणणे, विशेषण असेल तर स्थितीतील बदल, आणि स्थळ असेल तर पोहोचणे. 'गेट टू द स्टेशन' बरोबर आहे, पण फ्रेंचमध्ये घराआधीही शब्दयोगी अव्यय लागत असल्यामुळे 'गेट टू होम' असे म्हटले जाते. तिथे नुसते 'गेट होम' हवे.

सर्वाधिक गोंधळ आत्मवाचक क्रियापदांमुळे, म्हणजे ज्यांत कर्त्याची क्रिया त्याच्यावरच होते अशा क्रियापदांमुळे होतो. रस्ता चुकल्यावर फ्रेंच माणूस 'स पेर्द्र' (शब्दशः 'स्वतःला हरवणे') हे क्रियापद वापरतो आणि त्याच साच्यातून 'आय लॉस्ट मायसेल्फ' असे वाक्य घडवतो. इंग्रजीत 'आय गॉट लॉस्ट' म्हणावे लागते. लग्नाबाबतही 'मॅरीड विथ' नव्हे, तर 'गॉट मॅरीड टू' असे म्हणावे.

दुसऱ्याकडून काम करून घेण्याच्या रचनेत शब्दक्रम सांभाळावा लागतो. फ्रेंचमध्ये 'करवणे' आणि 'कापणे' ही क्रियापदे लागोपाठ येतात व केस त्यानंतर. इंग्रजीत 'आय गॉट माय हेअर कट' असे केस मध्ये येतात. मराठी वाचकाला 'केस कापून घेतले' यातील 'घेणे' आठवले, तर 'गेट'चे इथले काम चटकन उमगेल.

'आय हॅव गॉट अ कार' हे वाक्य फसवे आहे. 'हॅव'च्या जागी येणाऱ्या 'आव्वार' या फ्रेंच क्रियापदाला 'गॉट'सारखे भूतकालवाचक धातुसाधित जोडले की फ्रेंचमध्ये भूतकाळ होतो, म्हणून ऐकणाऱ्याला गाडी मिळाल्याची बातमी वाटते. प्रत्यक्षात बोलणारा बहुधा आपल्याकडे गाडी आहे एवढेच सांगत असतो. अमेरिकेत मिळाल्याचे सांगायचे असेल, तर 'हॅव गॉटन' म्हणतात.