वळवाआधी जुन्या अँप्लिफायरची काळजी

कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये ढग गडगडायला लागले की आमच्या घरी पहिलं काम एकच: व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अँप्लिफायरची पिन सॉकेटमधून उपसायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण एकच तार तोडतं, आणि वीज जवळ पडली तर त्या बटणाच्या फटीतूनही ठिणगी उडी मारते.

स्टॅबिलायझर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातला रिले, म्हणजे आपोआप चालणारं बटण, टकटक करून टप्पा बदलेपर्यंत मायक्रोसेकंदांचा झटका येऊन गेलेला असतो. असा झटका अडवायला एमओव्ही (मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर), म्हणजे जादा दाबाचा झटका स्वतःतून वळवणारा भाग लागतो. रुपयाच्या नाण्याएवढी, बहुधा निळी चकती, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळते. आपल्याकडे रात्री विजेचा दाब चढतो, म्हणून २७५ ऐवजी ३२० व्होल्टची घ्यावी. ती जोडायची फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, पण वीज आधी फ्यूजमधून जाऊन मग चकतीकडे येईल अशी; चकती शॉर्ट झाली तर फ्यूज उडायला हवा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार!

चकती अँप्लिफायरच्या पोटात बसवू नका, वेगळ्या बोर्डात वायरमनकडून बसवून घ्या. कारण पिन काढल्यावरही अँप्लिफायरच्या आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरू शकतात. चकती प्रत्येक झटक्यागणिक झिजतेही. काळवंडली किंवा तडकली की बदलायची.

लाइट गेली तर लगेच बटण बंद करा. आल्यावर पाच मिनिटं थांबा, तोवर चहा होतोय.