उन्हाळ्यात जुळ्यांची आंघोळ

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला की गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं. म्हणून सकाळीच दोन बादल्या भरून झाकून ठेवा. कोपर बुडवून बघा, कोमट लागलं की पुरे. टबात बोटभर उंचीचं पाणी, जास्त नको.

एकाला पुसायला वळलात की दुसरं पाण्यात एकटं राहतं, घात इथेच होतो. दोघांनाही बाहेर चटईवर बसवा, टब उपडा करा, मगच टॉवेल घ्या. फोन वाजू द्या. उरलेली बादलीही ओतून टाका.

ओल्या अंगाने कूलरकडे धावू देऊ नका: पत्र्यात करंट उतरलेला असू शकतो. अर्थिंग तपासून घ्याच.