रजेचे नियम: आधी हजेरीबुक उघडा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमची छपाईची प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक लागली की पत्रकं. माणसं अकरा. सासऱ्यांच्या काळात रजेची पद्धत सोपी होती: विचारायचं आणि "नाही" ऐकून मशीनवर परत जायचं. मग एका चैत्रात जोतिबाच्या यात्रेदिवशी मशीनमन आलाच नाही. फोन बंद. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वहिनी, ताप होता ओ." कानामागं गुलाल तसाच. तो जाणारच होता. आम्ही नाही म्हटल्यामुळं एवढंच झालं की मला आदल्या दिवशी कळलं नाही.

म्हणून नियम लिहायला बसण्याआधी मागच्या दोन वर्षांचं हजेरीबुक आणि भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी ठेवा. कोण कधी गैरहजर होतं, त्यावर लाल गोल करा. आमच्याकडं गोलांचे तीन पुंजके निघाले: गावची म्हाई (म्हणजे गावजत्रा), गणपतीची विसर्जन मिरवणूक आणि भाताची लावण. यातली लावण बघून मी कपाळाला हात लावला. ती ऐन पावसाळ्यात. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागला की पत्रिकांचं काम बसतं. म्हणजे पन्हाळ्याकडच्या पोरांना लावणीला नाही म्हणून आम्ही त्यांना रिकाम्या मशीनपाशी बसवत होतो!

मग कायदा बघा, कारण त्याच्या खाली जाता येत नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दहा किंवा जास्त कामगारांसाठी आला. ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये घेतला, त्यामुळं तुम्हाला काय लागू ते सल्लागाराकडून पक्कं करून घ्या. कारखान्यांचा कायदा आणखी वेगळा. आम्ही २०१७ चाच पाया धरला: आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला ८ किरकोळ रजा (वर्षअखेर संपतात), ८ पगारी सुट्ट्या आणि वर्षात २४० दिवस भरलेल्याला पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागं एक हक्काची रजा. ही ४५ दिवसांपर्यंत साठते. आठ पगारी सुट्ट्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार कामगारांशी बोलून ठरवायच्या. आम्ही दसरा, दिवाळी पाडवा आणि रमजान ईद घेतली. चौथीवर दोन दिवस वाद चालला. शेवटी विसर्जनाचा दुसरा दिवस जिंकला, कारण रात्रभर मिरवणुकीत नाचलेला माणूस कटिंग मशीनवर मलाच नको असतो.

खर्च कागदावर मांडा. वर्षात साधारण २८० दिवस काम धरलं तर १४ हक्काच्या, अधिक ८, अधिक ८, म्हणजे ३० दिवस. रोज ६०० रुपये धरले तर माणसामागं १८,०००; अकरा जणांचे १,९८,०००. सासरे आकडा बघून गप्प झाले. मीही झाले होते. पण हा पैसा दरात धरायचा असतो, शाई-कागदासारखा.

पहिल्या वर्षी एक चूक केली. उरलेल्या रजांचे सरसकट पैसे देऊ म्हटलं, तर कटिंगवाल्यानं रजाच घेतली नाही. मे महिन्यात त्यानं चारशे पत्रिका मजकुरावरूनच कापल्या. आता जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येकानं सलग सहा दिवस घरी राहायचंच, मीसुद्धा.

फेब्रुवारी ते मे एका विभागातून एका वेळी एकच माणूस रजेवर. पंधरा दिवस आधी रजिस्टरात नाव लिहायचं, आधी लिहिलं त्याची आधी. म्हाईला मात्र नाही म्हणायचं नाही. तारीख गावात ठरली की लगेच सांगायची, बस. गावं वेगळी असल्यानं तारखा सहसा एकाच दिवशी येत नाहीत. अचानक आजारपण आलं तर सकाळी नऊच्या आत फोन किंवा मेसेज. फोन बंद ठेवला तर तो दिवस बिनपगारी.

कोल्हापुरात पुराचा नियमही लिहून ठेवा. २०१९ ला महामार्गच बंद झाला होता, तेव्हा कुणाची रजा धरायची यावरून आमच्यात कटुता आली. आता पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की नदीपलीकडचे लवकर घरी जातात. ४३ ओलांडून रस्ता बंद झाला, तर पहिले तीन दिवस पगारी, रजेतून कापायचे नाहीत. पुढचे हक्काच्या रजेतून.

सगळं मिळून एक पान झालं. ते हजेरीबुकाशेजारी चिकटवलंय, रजिस्टर खाली सुतळीनं बांधलंय. यंदा चैत्राच्या पानावर मशीनमनचं नाव सगळ्यात वर आहे, फेब्रुवारीतच लिहिलेलं.