गाव वाचायला निघताय? या चुका टाळा

गोव्यातल्या एका गावात जुन्या घराचं छप्पर उतरवत होते, तेव्हा मी अंगणातलं एक मंगळुरी कौल उलटून बघितलं. पाठीवर ठसठशीत 1865. लगेच वहीत लिहून मोकळा झालो: 'घर 1865 च्या सुमाराचं'. घरातल्या आजी हसल्या. "ही कौलं माझ्या लग्नानंतरची. आधी नळ्याची होती." 1865 हे मंगळूरला बासेल मिशन या मिशनरी संस्थेने कौलांचा कारखाना काढला ते साल, ते कौलांवर पुढेही उमटत राहिलं. तेव्हा एका खुणेवरून वय ठरवू नका. छप्पर आणि दर्शनी खिडक्या आधी बदलतात. मागे न्हाणीकडे जा. शिंपल्यांच्या तावदानांची एखादी खिडकी तिथे अजून तग धरून असते, कारण तिच्यावर पैसे घालावे असं कुणाला वाटलेलं नसतं.

दुसरी चूक म्हणजे दिसेल त्या जुन्या घराला 'पोर्तुगीज घर' म्हणणं. (जाहिरातवाल्यांनी तर या शब्दाचा चोथा केलाय.) चिरा (जांभा दगड) इथल्याच खाणीतला, गवंडी इथलाच. समोर कमानीच्या खिडक्या असतील, पण आत राजांगण, म्हणजे घराच्या पोटातलं अंगण, आणि मधोमध तुळस असेल तर ते घर रस्त्याला एक तोंड दाखवतं आणि घरच्यांना दुसरं. दोन्ही बघितल्याशिवाय नाव देऊ नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती खाजन शेतात, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून राखलेल्या शेतात. बांधाच्या तोंडाशी लाकडी दारं दिसतात, चिखलाने माखलेली, आणि लोक 'मोडकं काहीतरी' म्हणून पुढे जातात. ती मानस, पाण्याची झडप. ओहोटीला आतलं पाणी दारं ढकलून नदीत जातं. भरती चढली की नदीचंच पाणी ती दाबून बंद करतं. खारं पाणी शेतात शिरत नाही. कुणी हात लावत नाही, चावी नाही, मोटर नाही. मीही पहिल्यांदा अर्धा तास थांबलो आणि 'बंद पडलंय' असं ठरवून परतलो. चूक वेळेची होती. भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ बघून निघा आणि त्याच दिवशी पुन्हा या. पाणी फिरताना दारं आधी नुसती थरथरतात, मग हळूच मिटतात. मानशीवर जाळं लावलेलं दिसलं तर मासळी कुणाची, हेही विचारा. बांध कोण राखतं याचा पत्ता बहुधा त्याच उत्तरात लागतो.

देवळं बघताना नुसती शैली शोधत बसू नका, जागा बघा. मंगेशीचं देऊळ मूळ कुठ्ठाळीचं. 1560 मध्ये पोर्तुगिजांपासून वाचवायला देव जुवारी नदी ओलांडून फोंड्यातल्या प्रियोळला नेला, कारण फोंडा तेव्हा त्यांच्याकडे नव्हता, आदिलशाहीत होता. कुठ्ठाळीहून फोंड्याकडे जाताना नदीवर गाडी थांबवता येत नाही, पण मागच्या सीटवरून दोन्ही काठ बघता येतात. त्यासाठी चालवायला दुसऱ्याला बसवा.